साडेचार ते नऊ

पाटीवर माझं नाव उजवीकडून सुरू होतं.
ते डावीकडून मी मनातल्या मनात लावून घेते.
खाली वेळ : नऊ ते एक, साडेचार ते नऊ.
मधले साडेतीन तास कुणाचेच नाहीत,
म्हणून सगळ्यांचे.

एक वाजला की सूर गाव शटर ओढून घेतं,
गलबतं बांधणारे सुतार सागवानाच्या सावलीला सरकतात,
आणि माझ्या फोनवर उगवतं
कुणाच्या मांडीवरचं गजकर्ण,
कुणाच्या बाळाची हिरवी शी,
अरबाबने सही घेतलेला कागद :
बाई, यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा.
उदगीरहून निघाले तेव्हा
या विषयाचा पेपर नव्हता.

मोझाआजी साखर तपासायला येते
ती खजुराचा डबा घेऊनच.
म्हणते, दकतोरा, सुई टोच,
पण आकडा मला सांगू नकोस, सुनेला सांग.
सून आकडा ऐकते आणि डबा स्वतःकडे ओढते.
आजी माझ्याकडे बघते.
या घरातला निकाल दर महिन्याला मीच द्यायचा.

मार्चमध्ये खोली नंबर अकरातला नंदलाल
पहाटे उठलाच नाही.
कारणाच्या रकान्यात जागा अडीच इंच.
मी लिहिलं : हृदयक्रिया बंद.
शेवटी कुणाची बंद होत नाही?
मग शिक्के, पेटीचं वजन, विमानाचा नंबर,
आणि बायकोला फोन कोण करणार म्हटल्यावर
अकरा नंबरमधले सातही जण
माझ्या चपलांकडे बघायला लागले.
ती रडली नाही. तिने विचारलं,
रात्री जेवले होते का?
हो म्हटलं मी. पोटभर.
मला काय माहीत.

पुढच्याच शुक्रवारी वाळूतल्या मॅचला
मंडळाने मला पंच केलं.
म्हणे, डॉक्टरीणबाई खोटं बोलणार नाहीत.
मी दोघांना पायचीत दिलं. कुणी हुं की चूं केलं नाही.

तोफज्जल सुतार आला तो ऑगस्टात.
ताप नाही, खोकला नाही.
खुर्चीच्या कडेवर बसला
आणि दंडाला पट्टा गुंडाळेपर्यंत गप्प.
हवा भरत गेली तसा बोलायला लागला :
मुलीचं लग्न, कंपनी सोडत नाही,
चार वर्षं झाली, आजारी लिहा ना.
मी म्हटलं, आजारी कुठाय तुम्ही?
तो म्हणाला, ते तुम्ही शोधायचं.

शोधलं.
कंबर. कंबर हे एकच ठिकाण,
जिथे एक्स-रेही बोलत नाही
आणि माणूसही खोटा ठरत नाही.
लिहिलं : मणक्याचा तीव्र त्रास,
मायदेशी उपचार, चाळीस दिवस.
शिक्का नेहमीपेक्षा जरा जोरात मारला,
शाई दोन्ही बाजूंनी पसरली.

चाळिसाचे पंचेचाळीस करून तो परतला,
व्हिटॅमिनच्या रिकाम्या डब्यात
नारळाचे लाडू घेऊन, आणि फोनमध्ये
लाल शालूतल्या मुलीचे सत्तर फोटो.
सत्तरही बघितले मी. बाहेर लोक खोळंबले होते.
निघताना डब्याचं झाकण खाली पडलं,
उचलायला वाकला,
आणि तसाच राहिला.

आधी मला वाटलं, गंमत करतोय.
मग त्याचं तोंड दिसलं.
दोघांनी उचलून टेबलावर पालथा घातला,
बोटांखाली स्नायू दोरखंडासारखा ताठ.
कागद घेतला. तेच शब्द लिहिले,
या वेळी प्रत्येक अक्षर खरं.

कंपनीतून फोन आला :
बाई, याची कंबर तर यंदाची दुखून झाली.
रजा संपली त्याची.

पावणेदहा वाजलेत. पाटीवरचा दिवा विझवलाय.
तोफज्जल आत पालथाच, लाडवाबद्दल विचारतोय,
बरा झालाय का, गूळ जास्त नाही ना पडला.
बाहेर बाकावर अजून तिघं.
त्यातला एक नुसता एसीसाठी आलाय.
त्यालाही मी नाव विचारते, वय विचारते,
आणि पट्टा गुंडाळते.